अंगण वांकडें असेल तर?

"नाचतां येईना, अंगण वांकडें" ही म्हण आपल्याकडे इतकी रुळलेली आहे कीं, ती कोणी उच्चारिली म्हणजे वाद मिटला असें दोन्ही पक्ष धरून चालतात. ज्याला उद्देशून ती योजिली तो ओशाळतो, जो योजितो तो न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसतो, आणि अंगण मोजून पाहण्याची तसदी मात्र कोणीच घेत नाहीं. दोष साधनावर न ढकलतां स्वतःकडे घ्यावा, हा नीतीचा पहिला धडा म्हणून आपण मुलांना शिकवितों. आम्हीं तर तो तर्कशास्त्र व नीतिशास्त्र या विषयांच्या निमित्तानें जवळजवळ तीस वर्षें कॉलेजांत शिकविला आहे. त्या धड्यावरचा आमचा विश्वास एका अगदीं क्षुल्लक छंदापायीं डळमळला. तो कसा डळमळला, आणि डळमळल्यावर हातीं काय उरलें, हें सांगण्याचा येथें विचार आहे. छंद म्हणजे मासे धरावयाची काठी आपल्या हातानें तयार करणें, आणि तिनें दोरी फेंकावयास शिकणें.

मासे धरण्याचा आणि नीतीचा संबंध काय, असें वाचक विचारतील. कांहींच्या कपाळास आठीहि पडेल. त्यांस इतकेंच सांगतों कीं, गळानें मासे धरणें ही आपल्याकडेहि एके काळीं राजांची करमणूक होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकांतील ग्रंथांत मत्स्यविनोद म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. जीवास इजा करून मिळविलेली करमणूक कितपत समर्थनीय, हा प्रश्न लहान नाहीं. उलटें टोंक नसलेला आंकडा वापरून धरलेला मासा पुन्हा पाण्यांत सोडण्याची चाल पाश्चात्य देशांत आतां पुष्कळ पसरली आहे. पण सोडून दिल्यानें धरल्याचा दोष फिटतो कीं नाहीं, याविषयीं आमची खात्री नाहीं. तो प्रश्न आज बाजूस ठेवितों. आमच्या हातून त्या सबंध वर्षांत एकहि मासा दुखावला गेला नाहीं, आणि त्याचें श्रेय आमच्या भूतदयेस नसून अकौशल्यास आहे, एवढें कबूल करून पुढें जातों.

नदीकांठीं आपलीं पोरें जो गळ टाकतात त्याला गांडूळ किंवा शिशाचा तुकडा लाविलेला असतो, आणि त्या वजनानें दोरी पाण्यांत जाते. आम्ही ज्या गळाविषयीं लिहीत आहों त्याची गोष्ट उलटी आहे. त्यांत आमिष म्हणजे आंकड्यावर पिसें व रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन असें नसतेंच. मॅसिडोनियांतील लोक आंकड्यास तांबडी लोकर व पिसें बांधून मासे धरतात, असें एलिअन या ग्रंथकारानें इसवी सन २०० च्या सुमारास लिहून ठेविलें आहे, तेव्हां युक्ति नवी नव्हे. पण पिसासारखी हलकी वस्तु चाळीस फूट दूर फेंकावी कशी? तर वजन दोरींतच घालावें. पांच नंबरच्या म्हणून जी दोरी विकतात तिच्या पहिल्या तीस फुटांचें वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारें नऊ ग्रॅम, ठरलेलें असतें. काठीनें ही दोरी मागें उडवावयाची, ती पाठीमागें सरळ पसरेपर्यंत थांबावयाचें, आणि मग काठी पुढें आणून एकदम रोखावयाची. दोरीच्या ओढीनें काठी वांकते, वांकलेली काठी सरळ होतांना दोरीस पुढें लोटते, आणि दोरी हवेंत अरुंद वेटोळें उलगडीत जाऊन माशीला अलगद पाण्यावर ठेविते. सर्व खुबी थांबण्यांत आहे. नवशिका थांबत नाहीं, तो जोर करतो. आणि जितका जोर अधिक तितकी दोरी त्याच्याच पायाशीं येऊन पडते.

अशी काठी कशाची करावी, याचा विचार फार जुना आहे. १४९६ सालीं इंग्लंडांत छापलेल्या गळविषयक प्रबंधांत हिवाळ्यांत हेझल, विलो किंवा ॲस्पेन यांची काठी तोडावी, तापल्या भट्टींत शेकून सरळ करावी, आणि महिनाभर वाळूं द्यावी, असा पाठ दिलेला आहे. म्हणजे त्या काळीं मासे धरणारा व काठी करणारा हे पुष्कळदां एकच असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेन्सिल्व्हेनियांतील ईस्टन गांवचा सॅम्युएल फिलिप हा बंदुका व फिडल करणारा कारागीर बांबूच्या कामट्या एकमेकींस चिकटवून काठ्या करूं लागला. पुढें मेन संस्थानांतील हायरम लेनर्ड यानें सहा कामट्यांच्या काठीचा मोठा धंदा उभारिला, व कामट्या तासण्याचें आपलें यंत्र तो कुलुपांत ठेवी असें सांगतात. या पहिल्या काठ्यांचा बांबू हिंदुस्थानांतून जाई, आणि व्यापारांत तो 'कलकत्ता' या नांवानें ओळखला जाई. विसाव्या शतकांत त्याची जागा चीनच्या ग्वांगडुंग प्रांतांतील बांबूनें घेतली. कँटन येथें अध्यापक असलेल्या मॅक्लूअर या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९३१ सालीं या बांबूचें नामकरण करतांना त्यास 'अमाबिलिस', म्हणजे प्रेम करण्याजोगा, असें विशेषण दिलें. वनस्पतींचीं नांवें ठेवणारांस असा मोह क्वचित् होतो. १९५० नंतर अमेरिकेनें चीनशीं व्यापार बंद केला, त्याच सुमारास कांचतंतूच्या व १९७० च्या दशकांत कार्बनतंतूच्या काठ्या निघाल्या, आणि बांबूची काठी धंद्यांतून जवळजवळ उठली. ती जगली ती हौशी लोकांच्या तळघरांत. याचें पुष्कळसें श्रेय एव्हरेट गॅरिसन या न्यूयॉर्ककडील इंजिनियरास आहे. काठीच्या प्रत्येक बिंदूवर किती ताण पडावा याचें गणित त्यानें मांडिलें; आणि त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, १९७७ सालीं, त्याचा शिष्य होगी कारमायकेल यानें गुरूची सर्व कृति, आंकड्यांसह, पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. आज कार्बनतंतूची तयार काठी आणून तिला कड्या व बुचाची मूठ बसविली तरी 'मीं काठी केली' असें म्हणण्याची मुभा आहे, आणि नवशिक्यानें तेथूनच आरंभ करावा असें शहाणे लोक सांगतात. आम्हीं शहाण्यांचें ऐकलें नाहीं.

न्यूयॉर्क संस्थानांत कॅट्सकिल डोंगराच्या पायथ्याशीं एका लहान कॉलेजांत आम्ही एक वर्ष पाहुणे अध्यापक म्हणून होतों. बीव्हरकिल व विलोविमॉक या ज्या नद्यांना तिकडील माशीगळवाले तीर्थांचा मान देतात, त्या तेथून फारशा दूर नाहींत. आमचे शेजारी सत्तरी ओलांडलेले, शाळेंत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ होते. बर्फ पडूं लागलें. संध्याकाळीं करावयास कांहीं नसे. त्यांच्या तळघराच्या खिडकींतून उजेड दिसे. एके दिवशीं त्यांनींच हांक मारली, आणि आम्ही गेलों ते सबंध हिवाळा जात राहिलों.

पहिला धडा बांबू उभा चिरण्याचा. सुरी कोठें लावावी, ती सरकूं लागली म्हणजे कामटी कोणत्या बाजूस दाबावी, हें करतांना आम्हांस पुण्यांतील बुरूड आळीची आठवण झाली. लहानपणीं त्या वाटेनें शाळेस जातांना सुपें-टोपल्या विणणारीं माणसें आम्हीं शेंकडों वेळां पाहिलीं होतीं, आणि बांबू चिरणें ही विद्या आहे असें एकदांहि मनांत आलें नव्हतें. असो. चिरलेल्या कामटीच्या पेरांवरील गांठी कानशीनें घांसून, दिव्यावर तापवून, शिकंज्यांत दाबून सपाट करावयाच्या. सहा कामट्या शेजारीं ठेविल्या असतां एकीची गांठ दुसरीच्या गांठीजवळ येऊं नये अशा त्या मागेंपुढें सरकवावयाच्या. मग प्रत्येक कामटी लोखंडी सांच्याच्या खांचेंत ठेवून रंध्यानें अशी तासावयाची कीं, तिचा छेद समभुज त्रिकोण व्हावा. बांबूचें सर्व सामर्थ्य त्याच्या सालीलगतच्या तंतूंत असतें, म्हणून त्या बाजूस रंधा लावावयाचा नाहीं. तासावयाचें तें आंतून. सांचा म्हणजे दोन पोलादी कांबी. त्यांमधील खांच दर पांच इंचांवर असलेल्या स्क्रूंनीं रुंद किंवा अरुंद करतां येते, आणि काठीचा निमुळतेपणा या स्क्रूंवर अवलंबून असतो. माप सगळें इंचाच्या सहस्रांशांत. शेंड्याशीं एका कामटीची जाडी जेमतेम पस्तीस सहस्रांश भरते. प्रत्येक ठिकाणचें माप घेऊन वहींत लिहावें, अशी शेजाऱ्यांची शिस्त होती, आणि लिहिण्याचा आम्हांस कंटाळा नसल्यामुळें ती आम्हीं पाळली. सहा कामट्या सरस लावून एकत्र आल्या, दोऱ्यानें बांधून वाळल्या, दोरा सोडून घांसल्यावर तो साडेसात फुटांचा सोनेरी षट्कोन जेव्हां हातांत आला, तेव्हां आम्हांस जें वाटलें तें पहिला लेख छापून आल्यावर वाटलें होतें, त्यानंतर नाहीं.

एप्रिलांत बर्फ वितळलें. कॉलेजच्या हिरवळीवर, माशीच्या जागीं लोकरीचा तुकडा बांधून, आम्ही रोज सकाळीं तासभर दोरी फेंकूं लागलों. दोरी जाई, पण वेटोळ्याची वरची बाजू खालच्या बाजूस ओलांडून जाई आणि टोंकाच्या बारीक तंतूस गांठ पडे. या गांठीस तिकडे 'वाऱ्याची गांठ' म्हणतात. वाऱ्याचा आणि तिचा संबंध बहुधा नसतो. फेंकणारानें भलत्या क्षणीं जोर केला म्हणजे ती पडते. पण शतकानुशतकें ज्यांना ती पडली त्यांनीं ती वाऱ्याच्या नांवावर लिहून टाकली. आपल्या म्हणींतील वांकड्या अंगणाचा हा सख्खा भाऊ पाहून आम्हांस मोठी गंमत वाटली, आणि आपण मात्र वाऱ्यास दोष देणार नाहीं, असें आम्हीं ठरविलें. दोष हाताचा, असें आम्ही रोज म्हणूं लागलों. मे गेला, जूनचा पंधरवडा गेला. रोज दहा-बारा गांठी सोडवावयाच्या आणि रोज हातास दूषण द्यावयाचें, हा क्रम चालला. खरें सांगावयाचें तर त्यांत एक प्रकारची गोडीहि उत्पन्न झाली होती. पन्नाशी उलटलेला अध्यापक परक्या देशांत पोरांसमोर रोज चुकतो, आणि कोणाकडे बोट न दाखवितां चूक आपली म्हणतो, हें दृश्य आमचें आम्हांसच उदात्त वाटूं लागलें. पत्नीनें एकदां गॅलरींतून पाहून म्हटलें, "सगळा दोष स्वतःच्या अंगावर घ्यायला तुम्हांला आवडतं. मग काठीकडे कोणी बघत नाहीं." हें बोलणें आम्हीं तेव्हां थट्टेवारी नेलें.

तिच्या बोलण्यांत एक तात्त्विक अडचण होती, ती आम्हांस कळत होती, आणि तिचाच आम्हीं आडोसा केला होता. काठी चांगली कीं वाईट, हें ज्याला फेंकतां येतें तो सांगूं शकेल. आणि फेंकतां यावयाचें तर काठी चांगली हवी. मनुष्य घरें बांधून बांधूनच घर बांधणारा होतो, असें अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत सांगितलें आहे. पण पहिल्याच घराची भिंत कलली तर ती हाताच्या अजाणपणामुळें कलली कीं ओळंब्याची दोरी चुकीची होती म्हणून, हें त्या होतकरू गवंड्यानें ओळखावें कसें? विकत आणलेल्या काठीच्या बाबतींत ही अडचण फारशी येत नाहीं, कारण ती दुसऱ्या शंभर हातांतून पारखून निघालेली असते. जो करणाराहि नवशिका आणि चालविणाराहि नवशिका, आणि दोघेहि एकच, त्याच्यापुढें मात्र दोन अज्ञात राशि आणि समीकरण एकच, अशी स्थिति येते.

जूनच्या अखेरीस शेजारी हिरवळीवर आले. एप्रिलांत त्यांनीं आमची काठी एकदां फेंकून पाहिली होती. दोरी पन्नास फूट सरळ गेली होती, आणि ते केवळ "हं" म्हणाले होते. तें प्रशस्तिपत्र समजून आम्हीं जपून ठेविलें होतें. या वेळीं त्यांनीं आपली जुनी काठी आमच्या हातीं दिली. पंधरा-वीस वेळां दोरी मागेंपुढें झाली. ती फार दूर गेली नाहीं, पण गांठ एकहि पडली नाहीं. मग त्यांनीं आमची काठी परत आमच्या हातीं दिली, आणि तिसऱ्याच खेपेस गांठ पडली. हात तोच, दोरी तीच, हवा तीच; बदलली फक्त काठी. मिल्लनें आपल्या १८४३ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत व्यतिरेकाची म्हणून जी पद्धति सांगितली आहे तिचें याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस तीस वर्षांत सांपडलें नव्हतें, आणि तें आमच्याच हातांत, आमच्याविरुद्ध, सिद्ध होत होतें. "पण तुम्हीं फेंकली तेव्हां तर ती सरळ गेली होती," असें आम्हीं म्हटलें. त्यावर ते म्हणाले, "माझा हात पन्नास वर्षांचा आहे. तो तिला सांभाळून घेतो. मी झाडूच्या दांड्यानेंही दोरी फेंकीन, म्हणून झाडू ही काठी होत नाहीं." नंतर त्यांनीं शांतपणें विचारलें, "तुमची वही कोठें आहे?"

वही घरींच होती. ती उघडून पाहण्याची आम्हांस गरज नव्हती, आणि हेंच या लेखाचें मूळ आहे. शेंड्यापासून साठ इंचांवर कामटीची जाडी १२० सहस्रांश हवी होती. जानेवारींतल्या एका रात्रीं, शेजारी लवकर निजावयास गेले असतां, पहिली कामटी तासून झाल्यावर आम्हीं त्या ठिकाणीं माप घेतलें तें ११० भरलें. त्या जागेचा स्क्रू आम्हीं चुकीचा बसविला होता. कामटी टाकून नवी तासावी तर आठवड्याची मेहनत वायां जात होती. आम्हीं दिव्याखालीं बसून विचार केला, आणि आम्हांस एक युक्ति सुचली: स्क्रू तसाच ठेवावा, म्हणजे उरलेल्या पांचहि कामट्या त्या जागीं तितक्याच बारीक होतील, सहाहि सारख्या होतील, आणि सारखेपणांत चूक दिसणार नाहीं. तसें आम्हीं केलें. वहींत त्या आंकड्यापुढें आमच्याच अक्षरांत एक शब्द आहे: "चालेल."

गणित येथें फार निर्दय आहे. काठीचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणें बदलतो. १२० च्या जागीं ११० म्हणजे जाडींत घट आठ टक्क्यांची. पण ताठपणांत घट सुमारें तीस टक्क्यांची. त्या एका जागीं काठीस जणूं बिजागरी बसली होती; ती सबंध एका कमानींत न वांकतां तेथेंच मोडल्यासारखी वांके, आणि त्यामुळें जी गांठ पडे ती नवशिक्याच्या हिसक्यानें पडणाऱ्या गांठीसारखीच दिसे. बांबू चीनचा, आंकडे गॅरिसनच्या परंपरेंतले, सांचा व रंधा शेजाऱ्यांचा. त्या काठींत सर्वस्वी आमचें असें काय होतें, तर ती चूक. आणि नेमकी तीच आम्हीं अडीच महिने आपल्या हाताच्या पदराखालीं झांकून ठेविली होती.

तेव्हां म्हणीकडे पुन्हा वळूं. म्हण रचणारानें नाचणारा एक आणि अंगण करणारा दुसरा, असे दोन इसम गृहीत धरले आहेत. साधन दुसऱ्यानें दिलेलें असतें तेव्हां त्यास दोष देणें ही बहुधा पळवाट असते, हें खरें. पण साधन आपणच घडविलेलें असलें म्हणजे पळवाटेचें तोंड फिरतें. हातास दोष देणें मग सोपें होतें. हात आज अडाणी असला तरी उद्यां शिकेल. अडाणीपणाची कबुली दिली कीं नम्रतेचें पुण्य पदरीं पडतें. आणि जें आपण मन लावून घडविलें, ज्यावर आपला जीव आहे, तें मात्र अस्पर्श राहतें. अहंकारास रहावयास नम्रतेसारखें सुरक्षित घर नाहीं, असें आतां आम्हांस वाटतें.

काठीची गोष्ट येथें संपली असती तर ती लिहिण्याजोगी नव्हती. पण मनुष्य बांबूच्या काठ्या क्वचित् करतो आणि तत्त्वांच्या नेहमीं करतो. पंचविशी-तिशीच्या सुमारास आपण कांहीं नियम तासतों, एकत्र चिकटवितों, त्यांवर रोगण देतों, आणि पुढें जन्मभर त्यांनीं वागूं पाहतों. वागणें व नियम यांचा मेळ बसेनासा झाला म्हणजे आपण म्हणतों, "तत्त्व बरोबर आहे, मी दुर्बळ पडतों." असें म्हणणाराविषयीं समाजास आदर वाटतो. कित्येकदां तो रास्तहि असतो. पण कित्येकदां तत्त्वच एका जागीं बारीक तासलेलें असतें, आणि ज्यानें तें तासलें त्याला ती जागा ठाऊक असते.

यावर कोणी म्हणेल कीं, हा तर आळशी मनुष्यास परवानाच झाला. नियम जड वाटला कीं नियम वांकडा म्हणून मोकळें व्हावें. ही भीति खोटी नाहीं. म्हणूनच काठी वाईट असें ठरविण्याचा अधिकार आम्हीं स्वतःकडे घेतला नव्हता; तो दुसऱ्याच्या काठीनें आणि मोजणाऱ्या यंत्रानें दिला. महात्माजींच्या खादीच्या चळवळींतहि आपण कांतलेलें सूत आपणच उत्तम म्हणावें अशी सोय नव्हती. त्याचा अंक व कस मोजला जाई, आणि श्रद्धेनें कांतलें म्हणून कच्चें सूत पक्कें ठरत नसे. प्रश्न इतकाच राहतो कीं, नियमांच्या बाबतींत दुसऱ्याचा हात व दुसऱ्याची काठी आणावी कोठून? आम्हांस वाटतें, ती आणावी लागत नाहीं. आपल्या घरांतील व वर्गांतील माणसें आपण केलेल्या नियमाखालींच रहात असतात. तो कोठें मोडतो हें त्यांना कळत असतें, आणि फक्त त्यांना कोणी विचारलेलें नसतें.

आमच्या घरांत असा एक नियम होता. मतभेद झाला कीं त्या दिवशीं कोणीं बोलावयाचें नाहीं. राग निवल्यावर, दुसऱ्या दिवशीं, कारणें देऊन बोलावयाचें. नियम शहाणपणाचा आहे असें आजहि कोणीहि म्हणेल. आमच्या घरांत त्या वीस वर्षांत भांडणाचा आवाज शेजाऱ्यांनीं ऐकला नाहीं, याचा आम्हांस अभिमान होता. मुलगी सात-आठ वर्षांची असतांना पत्नीनें एकदां सांगितलें होतें कीं, "दुसऱ्या दिवशीं ती बोलतच नाहीं, तिचं बोलणं त्या दिवसाचंच असतं." "सवय होईल," असें आम्हीं उत्तर दिलें, आणि मुलास व मुलीस, पाहुण्यांस व स्वतःस, तोच नियम सारखा लाविला. पुढें तिनें वैद्यकीचें शिक्षण सोडलें. तें आम्हांस कळलें तेव्हां कॉलेजांतून नांव काढून तिला तीन आठवडे झाले होते. त्या वेळीं आम्हीं फार आत्मपरीक्षण केलें. पूर्वीं दोन-तीन प्रसंगीं आपणच नियम मोडून रागावलों होतों, म्हणून मुलीस धीर झाला नाहीं, असें अनुमान काढलें. आणि तो नियम यापुढें अधिक कसोशीनें पाळण्याचा निश्चय केला. तो निश्चय आम्हीं पाळलाहि.

तासलेला बांबू पुन्हा चिकटवितां येत नाहीं. काठीचा खालचा अर्धा भाग नवा करावयाचा, एवढाच उपाय आहे, असें शेजारी म्हणाले. पण आमचें वर्ष संपत आलें होतें. निघण्यापूर्वीं त्यांनीं त्या जागेवर, साठ इंचांवर, लाल रेशमाचे चार वेढे घालून वर रोगण दिलें. त्यानें काठी बळकट झाली नाहीं, आणि त्यांनींहि तसें म्हटलें नाहीं.

गेल्या दिवाळींत मुलगी चार दिवस राहावयास आली होती. कपाटावरून कांहीं काढतांना तिच्या हातीं ती पिशवी लागली. तिनें काठी जोडून पाहिली, हलवून पाहिली, आणि तें लाल रेशीम कसलें म्हणून विचारलें. आम्हीं तिला जानेवारीपासून जूनपर्यंतची सर्व हकीकत सांगितली, वहीहि दाखविली. ती त्या पानाकडे बराच वेळ पहात होती.

"म्हणजे बाबा, हें तुम्हांला त्याच रात्रीं माहीत होतं," ती म्हणाली.

आम्हीं होय म्हटलें. मग नियमाप्रमाणें दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां आम्हीं तिला त्या घरच्या गोष्टीविषयीं विचारलें, आणि ती बोलूं लागली.